सुरमईची रेघ

डेव्हन ॲव्हेन्यूवर मासे घ्यायला गेले की आजीला निदान अर्धा तास लागतो. शिकागोचा हा रस्ता मोठा गमतीचा आहे. त्याच्या एका टप्प्यावर गांधीजींच्या नावाची पाटी आहे, तर दुसऱ्या टप्प्यावर गोल्डा मेयर यांच्या नावाची. एकीकडे साड्या, सोने, मिठाई आणि भाजीपाला. पश्चिमेकडे चालत राहिले की सिनेगॉग आणि कोशेर बेकऱ्या. आजीचे काम दोन्हीकडे असते. मासा मात्र ती देशी दुकानातूनच घेते, आणि तोही कातडीसकट. कातडी सोललेल्या माशाचे खवले दिसत नाहीत, आणि खवले दिसले नाहीत तर मासा चालतो की नाही हे ठरवणार कसे? काउंटरवरचा माणूस तिला आता ओळखतो. आजी आली की तो न सांगता अख्खा मासा वर काढून धरतो.

२०२२ सालच्या नोव्हेंबरात एका गुरुवारी पिशवी उचलायला नातू बरोबर होता. वय बावीस, कॉलेज नुकतेच संपलेले. लहानपणी मराठी बोलायचा, पुढे पुढे नुसते ऐकायचा. काउंटरवरच्या माणसाने बर्फातला एक लांबट मासा उचलला. पाटीवर लिहिले होते 'किंगफिश'. आजी चष्मा पुसत होती. तेवढ्यात नातू म्हणाला, "हा नको, आजी. हा ठिपक्यांचा आहे. तुझी सुरमई ती पलीकडची. तिची रेघ बघ."

आजीचा चष्मा हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच की."

"मी सांगून पंधरा वर्षं झाली. तेव्हा तुझं लक्ष टीव्हीकडे असायचं. आज कुठून आठवलं?"

नातू काही बोलला नाही. सुरमईचे तुकडे झाले, पैसे दिले, दोघे बाहेर आली. बसथांब्याजवळ आल्यावर त्याने एका दमात सांगून टाकले, "आजी, मी ऑक्टोबरात इस्राएलला गेलो होतो ना, तेव्हा समुद्रात उतरलो होतो. खाली. चौदा मीटर. तिथे पाहिली मी ती."

आजीने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

तिचा राग समजून घ्यायचा तर पंचाहत्तर वर्षे मागे जावे लागते. आजीचे बालपण माझगावात गेले. १८७५ साली सुरू झालेली समाजाची इस्रायली शाळा, जी पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली, त्याच शाळेत ती मराठी लिहा-वाचायला शिकली. भाऊचा धक्का घरापासून जवळच होता. अलिबागकडच्या गावी जायचे म्हणजे धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरायचे. आजीचा धाकटा मामा मुंबईत नोकरीला होता. शब्बाथ गावी आईजवळ करावा म्हणून १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी, तो 'रामदास' बोटीत बसला. त्या दिवशी गटारी अमावस्या होती. इब्री पंचांगात तम्मुझची २९ तारीख. दुसऱ्या दिवशी आव महिना लागणार होता, शोकाचे नऊ दिवस सुरू होणार होते. बोट वादळात सापडली, काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मामाला पोहता येत होते. तो सापडला नाही.

आजी तेव्हा सात वर्षांची होती. पुढे लग्न झाले, मुले झाली, १९७६ साली शिकागो आले. इथे घरापासून थोड्या अंतरावर मिशिगन सरोवर आहे, पण आजीने मुलांना तिथे घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ दिले नाही. "आपल्या लोकांचं आणि समुद्राचं पटत नाही," एवढेच ती म्हणायची.

हे बोलणे तिच्या एकटीचे नव्हते. बेने इस्राएल समाजाची आठवणच मुळी एका फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरले. सारे काही समुद्राने नेले. पोथ्या गेल्या, भाषा गेली. वाचलेली माणसे समुद्राकडे पाठ करून गावात शिरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

पोथ्या नव्हत्या, तरी काही गोष्टी टिकल्या होत्या. दावीद राहाबी नावाचे विद्वान कोकणात आले तेव्हाची गोष्ट समाजातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ही माणसे खरोखर यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी बायकांपुढे सर्व प्रकारचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. का, हे त्यांना पोथीतून दाखवता आले नसते. आजीने केले, आईने केले, म्हणून आम्ही करतो, एवढेच त्यांना माहीत होते. राहाबींनी त्यावरून ओळख पटवली.

त्या गुरुवारी रात्री जेवणे झाल्यावर नातू स्वयंपाकघरात आला. आजी तुकड्यांना हळद-मीठ लावत होती. त्याने स्टूल ओढले आणि लहानपणी बसायचा तसाच बसला. आजीने मान वर केली नाही, पण "जा" असेही म्हटले नाही. मग तो सांगू लागला.

पोहणे तो कॉलेजात शिकला होता. पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण आधी तलावात, मग इलिनॉयमधल्या पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत झाले होते. बाबांना ठाऊक होते. आजीला सांगायचे धैर्य मात्र दोघांनाही झाले नव्हते. इस्राएलमध्ये आजीच्या धाकट्या बहिणीच्या नातवाबरोबर तो अश्दोदहून उत्तरेला गेला. लेबननच्या सीमेजवळ रोश हानिक्रा आणि अखझिव नावाच्या जागा आहेत. तिथला समुद्र राखीव आहे, मासेमारीला बंदी आहे. २०१९ साली ही राखीव हद्द किनाऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटर आतपर्यंत वाढवली गेली.

"पाठीवर ऑक्सिजन बांधून गेलास?" आजीने पहिल्यांदा तोंड उघडले.

"ऑक्सिजन नाही, आजी. साधी हवाच. दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत सुमारे चोवीसशे लिटर हवा मावते. पण जितकं खोल जावं तितकी ती लवकर संपते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणून सारखं काट्याकडे बघावं लागतं."

"दिव्यातल्या तेलासारखं."

"तसंच."

"तेल्यांच्या घरातला आहेस. मापाचं भान हवंच," आजी म्हणाली आणि पुन्हा तुकड्यांकडे वळली.

त्याने सांगितले की उतरताना कान बसतात, घाटात गाडी चढताना बसतात तसे. मग नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची. सर्वांत मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. वर यायचे तेही सावकाश. पाच मीटरवर आल्यावर तीन मिनिटे थांबायचे, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. हे सारे ऐकताना आजीचे हात मंदावले होते.

"आणि पायात पर बांधतात," नातू हसत म्हणाला.

"पर बांधलेस, पण खवले कुठे आहेत? तू काही चालायचा नाहीस," आजी म्हणाली. तीही हसली, आणि मग राग आठवून गप्प झाली.

खाली काय दिसले ते त्याने सांगितले. भूमध्य समुद्रात प्रवाळाची बेटे नाहीत, तिथे खडक आहेत. जुन्या वाळूचा दगड झालेल्या लांबच लांब रांगा, त्यांत कपारी आणि कमानी. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो, त्यामुळे प्रथम सगळे निळे-करडे दिसते. टॉर्चचा प्रकाश खडकावर टाकला की एकदम दिवाणखान्यात बत्ती लागावी तसे होते. लालभडक आणि केशरी स्पंज, दगडावर चढलेले जांभळट-गुलाबी शेवाळ. वर काळ्या छोट्या माशांचे थवे ढगासारखे तरंगत होते. हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे मासे हाताजवळून जात होते.

"नावं सांग," आजी म्हणाली.

नावे त्याला इंग्रजीत आणि थोडी इब्रीत ठाऊक होती. मग त्याने वर्णन करायचे आणि आजीने ओळखायचे असे सुरू झाले. कपारीच्या तोंडाशी बसलेला जाड ओठांचा, तपकिरी, दरवानासारखा मासा. "गोब्रा. कोकणात त्याला हेकरूही म्हणतात. चालतो." दगडाच्या फटीतून तोंड वासणारा, सापासारखा लांब. "वाम. नाही चालत." वाळूत चपटा पसरलेला, चाबकासारख्या शेपटीचा. "पाकट. नाही." आठ पायांचा, क्षणात रंग बदलणारा. "त्याचं तर नावच काढू नकोस." नातवाने मोबाइलवर यादी लिहून घेतली, देवनागरीत. जोडाक्षरे चुकली ती आजीने सुधारली.

मग तो सुरमईपाशी आला.

खडकाच्या कडेला, जिथे तळ एकदम निळ्या पोकळीत उतरतो, तिथे तो पोचला होता. छोट्या माशांचा थवा अचानक आकसला आणि खडकाला चिकटला. पोकळीतून एक लांब, चंदेरी मासा आला. घाई नाही, हालचाल नाही, जणू पाणीच त्याला पुढे सरकवत होते. अंगावर उभे, नागमोडी, काळपट पट्टे. तो आडवा वळला आणि टॉर्चच्या उजेडात कुशीवरची रेघ दिसली. कल्ल्यापासून सरळ आलेली, शेपटीच्या अलीकडे एकदम खाली उतरलेली.

"मला तुझा आवाज ऐकू आला, आजी. तू इथे सुरीच्या टोकाने दाखवायचीस ना, 'बघ, सरळ चालली, सरळ चालली, आणि इथे उतरली, रेवसच्या धक्क्याच्या पायऱ्या उतरावी तशी.' तिथे आम्ही चौघे होतो. बाकीच्यांनी नुसता मोठा मासा पाहिला. मी सुरमई पाहिली."

आनंदाच्या भरात त्याने आपल्या मावसभावाला अंगठा वर करून दाखवला होता. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे. त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. भाऊ घाबरला, त्याने याचा दंड धरला आणि दोघे वर निघाले. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबल्यावर खुणांनी खुलासा झाला. तोवर सुरमई निघून गेली होती.

आजी हसली नाही. ती दुसऱ्याच विचारात होती. "म्हणजे ती खरंच तिथल्या समुद्रातली?"

हा प्रश्न जुना होता. आजीची धाकटी बहीण साठच्या दशकाच्या अखेरीस अश्दोदला गेली. तिथे बाजारात सुरमई मिळते, आणि ती तिथल्याच समुद्रातली असते, असे तिने पहिल्या काही पत्रांपैकी एकात लिहिले होते. आजीने ते कधीच मानले नाही. सुरमई आपल्या समुद्राची, भूमध्यात ती कुठून येणार? बर्फात घालून कुठून तरी आणत असतील, कोळी काहीही सांगतात. चाळीस-पन्नास वर्षे फोनवर दोघींचा हा वाद चालू होता. धाकटी म्हणायची, "ताई, तू इथे येऊन बघ." आजी म्हणायची, "मला न बघता कळतं."

नातवाने खुलासा केला. १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला. माणसांनी तो जहाजांसाठी खणला, पण त्याला कुठेही बंद दरवाजे नाहीत. एका समुद्राचे पाणी दुसऱ्याला मिळते. वाटेत खाऱ्या सरोवरांचे अतिखारट पाणी होते. ते पुष्कळ वर्षे आड आले. हळूहळू तो खारटपणा उतरला आणि तांबड्या समुद्रातले, हिंदी महासागरातले जीव पलीकडे जाऊ लागले. मद्रासच्या मत्स्य खात्याचे प्रमुख राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९३५ साली पॅलेस्टाइनच्या मासेमारीवर अहवाल लिहिला. सुरमईची भूमध्यातली पहिली नोंद त्याच अहवालातली आहे. म्हणजे आजीच्या जन्माच्या आधीच सुरमई तिथे पोचली होती. राणी माशाची एक जातही मागाहून गेली. इस्राएलच्या किनाऱ्यावर बाहेरून आलेल्या जीवांच्या चारशेहून अधिक जाती आज मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक या कालव्याच्या वाटेने आलेल्या आहेत.

"सगळे काही गुणाचे नाहीत," नातू म्हणाला. सशासारख्या तोंडाचे दोन जातींचे मासे खडकावरचे शेवाळ चरून चरून उघडे पाडतात. एक पाहुणी जेलीफिश दर उन्हाळ्यात थव्याने येते, पोहणाऱ्यांना भाजते आणि वीजघरांच्या पाण्याच्या वाटा तुंबवते. विषारी काट्यांचा, पिसारा फुलवल्यासारखा दिसणारा लायनफिश १९९१ साली तिथे प्रथम सापडला. २०१२ नंतर तो सगळीकडे पसरला आणि लहान मासे फस्त करतो. तिथल्या खडकांची रंगीत दुनिया त्यामुळे बदलत आहे. पाणीही वर्षागणिक तापते आहे. एका लहान गोगलगायीसारख्या जिवाने लाटांच्या रेषेवर बांधलेले कठडे तिथे होते, तो जीव इस्राएलच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

आजीने थोडा वेळ विचार केला. "नव्या जागी गेलं की दोन्ही होतं. कुणी घर सावरतं, कुणी ओरबाडतं. मासा काय, माणूस काय." मग तिने विचारले, "आपल्याकडे असं दिसतं का काही?"

"मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी. तिथे तर खरं प्रवाळ आहे. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. कोकणातली मुलंच लोकांना हात धरून खाली नेतात. ती मुलं मासे मराठीतच ओळखत असतील." थोडे थांबून तो म्हणाला, "मला तिथे जायचंय. यादी घेऊन."

आजीने तुकडे झाकून ठेवले, हात धुतले आणि त्याच्यासमोर बसली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, "खाली आवाज येतो का रे?"

"येतो. आपल्या श्वासाचा. आणि खडकाजवळ सारखं तडतड, तडतड. मोहरी फुटते तशी. छोट्या कोळंब्या असतात, त्या नांग्या वाजवतात."

"अंधार असतो?"

"दिवसा नाही. वर बघितलं की उजेड दिसतो. हलतो, पण दिसतो."

आजीने मान हलवली. त्या रात्री तिने त्याला मामाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव, त्याचा आवाज, निघताना त्याने खिशातून काढून दिलेल्या चिंचेच्या गोळ्या. नातवाच्या बापानेही हे कधी ऐकले नव्हते. त्याला एवढेच ठाऊक होते की तम्मुझच्या शेवटच्या दिवशी आई दिवा लावते आणि कुणासाठी ते विचारायचे नसते. 'रामदास' बुडाली त्या पाण्यात मामाला काय दिसले असेल, हे आजी पंचाहत्तर वर्षे मनात धरून होती. पावसाळ्यातले ते गढूळ पाणी आणि ऑक्टोबरातला तो निळा समुद्र एक नव्हेत, हे तिलाही कळत होते आणि नातवालाही. दोघांनीही ते बोलून दाखवले नाही.

उठताना नातू म्हणाला, "ती रेघ कशासाठी असते माहीत आहे? तिनेच माशाला पाण्यातली हालचाल कळते. लांबून कुणी येत असलं तरी."

"मला माहीत नव्हतं," आजी म्हणाली. "मी नुसती ओळखायला शिकले."

मग तिने दिवा मालवला आणि दारातून वळून म्हणाली, "मी जा म्हणणार नाही. पण परत जाशील तेव्हा सांगून जा. मला न सांगता पाण्यात उतरायचं नाही."

शुक्रवारी सकाळी लवकर उठून आजीने अश्दोदला फोन लावला. तिथे शब्बाथ लागायला आता फार वेळ उरला नव्हता, धाकटी घाईत होती. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"काय गं ताई, एवढ्या सकाळी? सगळं बरं आहे ना?"

"सगळं बरं आहे. तुझी सुरमई तिथलीच," आजी म्हणाली. "पोराने पाण्यात जाऊन रेघ बघितली."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग धाकटी म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय. आज तीच तळतेय." आणि मग दोघी बहिणी, एक शिकागोत आणि एक अश्दोदमध्ये, सुरमईला मीठ किती लावावे यावरून वाद घालू लागल्या.